सात पूर्णांक चार

रबरानं खोडलेली गोष्ट सदतीस वर्षांनी दोन बोटांनी मोठी करून बघता येते, हे श्यामलाला आधी कळलं असतं तर तिनं तेव्हा जरा बऱ्यापैकी रबर वापरलं असतं. सकाळची वेळ होती. हुबळीत नवनगरच्या घरात गॅसवर कुकर चढला होता, ती मेथी निवडत बसली होती आणि ओट्यावरचा फोन वाजला. प्रभंजनचा मेसेज. प्रभंजन म्हणजे तिच्या श्रीहरी सरांचा मुलगा. तो चौदा वर्षांचा असताना ती त्यांच्या धारवाडातल्या सप्तापूरच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, तेव्हापासून तिला अक्का म्हणतो. त्यानं एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘अक्का, ओळख बघू कुणाचं अक्षर?’ पान पिवळं पडलेलं, निळ्या रेघा पुसट झालेल्या, आणि अक्षर तिचंच, एम.एस्सी.च्या मुलीचं, उगीच जास्त टापटीप. ९ जानेवारी १९८८, संध्याकाळी साडेसात, आकाश स्वच्छ, सात पूर्णांक चार. तिनं हात पदराला पुसले आणि दोन बोटांनी तो आकडा मोठा केला. मोठा केला तसा साताच्या मागचा कागद खरवडल्यासारखा दिसायला लागला. त्या खरवडीत नवाचं शेपूट होतं. इतकं अस्पष्ट की ज्यानं ते खोडलं त्यालाच दिसावं. कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, पाचवी झाली, आणि आतल्या खोलीतून तिचा नवरा नागेश म्हणाला, “काय भाताची खीर करायली आहेस काय?” तेव्हा ती उठली.

पेपरात बातमी येऊन महिना होत आला होता आणि श्यामलानं ती चार वेळा वाचली होती. सारथी नक्षत्रात ब्रह्महृदय नावाचा ठळक तारा आहे. त्याच्या थोडं खाली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, दुर्बिणीतून ठिपक्याएवढा दिसणारा हा तारा. त्याला नाव नाही, यादीतला नुसता नंबर आहे. सर त्याला शाण्या म्हणायचे. कुणीतरी कुठंतरी कधीकाळी त्याचं तेज कमीजास्त होतं असा संशय घेतला होता म्हणून तो यादीत आलेला, पण सरांनी सात वर्षं बघितला आणि तो कधी म्हणून हलला नाही. ताऱ्यांची रीत उलटी असते, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. शाण्याचा आकडा सात पूर्णांक चार. थंडीत सात पूर्णांक चार, उन्हाळ्याच्या तोंडाशी तो मावळतीला टेकला तरी सात पूर्णांक चार. वर्गात पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसणारा एखादा मुलगा असतो ना, तसा. तर हा शाण्या यंदाच्या जानेवारीत एका संध्याकाळी अचानक पाचपट मंद झाला. तीन दिवस तसाच राहिला आणि चौथ्या दिवशी जणू काही झालंच नाही असा पुन्हा पहिल्यासारखा. ग्रह आडवा आला तर प्रकाश हळूहळू उतरतो, हा दार लोटल्यासारखा उतरला. जे आडवं आलं त्याची कड सरळ होती. ते ताऱ्याहून मोठं होतं, आणि त्यातून प्रकाश ओळीनं, चौकटीचौकटीनं झिरपत होता, उणकलच्या देवळातल्या दगडी जाळीतून झिरपतो तसा. काही चौकटी तुटलेल्या होत्या, काही ठिकाणी भगदाडं होती. शास्त्रज्ञ आधी गप्प बसले, मग भांडले, आणि शेवटी जे म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती ते म्हणाले: हे कुणीतरी बांधलेलं आहे. आणि फार जुनं आहे, कोट्यवधी वर्षांचं. त्याची झीजच तसं सांगते. त्यातून ना ऊब येते ना कसला संदेश. बांधणारे केव्हाच गेले. कशासाठी बांधलं, ऊन अडवायला की ऊन साठवायला, ते सांगायला कुणी उरलेलं नाही. श्यामलानं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला वाटायला हवा होता आनंद. सगळ्या जगाला वाटलं ते आश्चर्य तरी वाटायला हवं होतं. उलट पेपर घडी करून तिनं तो गादीखाली सारला, जसं काही गादीखाली बातमी विझते.

कारण तो तीन दिवसांचा अंधार तिला ओळखीचा होता. तिनं तो बघितला होता.

त्याच दिवशी जिचा फोन आला ती रेखा यातलं काही जाणत नव्हती. रेखा धारवाडजवळच्या अळणावरची मुलगी, आता बेंगळुरूच्या एका संस्थेत संशोधन करणारी, अठ्ठावीस वर्षांची, बोलताना दर वाक्यात मॅडम. तिनंच कॉलेजच्या लायब्ररीतून सरांच्या आणि श्यामलाच्या वह्या हुडकून काढल्या होत्या आणि प्रभंजनला फोटो पाठवला होता. तिनं सांगितलं ते असं, की १९५१ च्या जानेवारीत परदेशातल्या एका वेधशाळेनं काचेवर घेतलेल्या फोटोत हा तारा असाच तीन दिवस बुजलेला सापडला आहे. तेव्हाचा एकावन्न आणि आताचा पंचवीस, मध्ये चौऱ्याहत्तर वर्षं. प्रश्न एवढाच, की ताऱ्याआड येणारी ती भिंत चौऱ्याहत्तर वर्षांनी एकदा येते की बरोबर मधोमध, अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीतही येऊन गेली होती? “आणि मॅडम, त्या तीन दिवसांत अख्ख्या जगात या ताऱ्याकडं कुणीच बघितलं नव्हतं. फक्त धारवाडात एका गच्चीवर दोन माणसं बघत होती. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहिलं, तिन्ही दिवस लिहिलं, आणि एकच आकडा लिहिला. म्हणजे भिंत तेव्हा आली नव्हती. विषय संपला!” तिला हे सांगताना फार आनंद झाला होता. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी केल्या असं एका पत्रावर लिहून दोघांच्या सह्या गुरुवारपर्यंत हव्या होत्या. मग फोन ठेवता ठेवता ती हसून म्हणाली, “सदतीस वर्षांचा फेरा असता तर बरं झालं असतं बघा. बासष्टसाली मी पासष्टाची असते, बघितलं असतं. आता दोन हजार नव्याण्णव. इरली बिडू, नातवंडं बघतील.” राहू दे म्हणून ती मोकळी झाली. श्यामलाच्या कानात मात्र ते इरली बिडू दिवसभर वाजत राहिलं. आपल्या एका रबराच्या घासण्यानं या पोरीचा तारा सदतीस वर्षं लांब गेला, असं तिला वाटलं, आणि ते नुसतं वाटणं नव्हतं, ते खरंच तसं होतं.

ती गच्ची. सरांनी दुर्बीण स्वतः केलेली, आरसा सहा महिने हातानं घासलेला, पत्र्याची नळी गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपमधून वाकवून आणलेली. वर्कशॉपवाल्यानं ही कसली चिमणी म्हणून विचारलं होतं आणि सरांनी गंभीरपणे सांगितलं होतं, उलट्या बाजूनं धूर बघायची. कॉलेजात सर पदार्थविज्ञान शिकवायचे. श्यामला अळूच्या पानासारखी, कशाचा डाग न लावून घेणारी मुलगी म्हणून घरच्यांनी धारवाडला एकटी ठेवलेली, आणि ती संध्याकाळी सात वाजता पुस्तकं मिटून गच्चीवर जायची. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला. सरांचा नियम एकच होता आणि तो देवघरातल्या सोवळ्यासारखा पाळायचा: आधी लिही, मग बोल. एकानं दुर्बिणीतून बघायचं, शेजारच्या दोन ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून मनाशी आकडा ठरवायचा, बाजूला होऊन वहीत लिहायचा; मग दुसऱ्यानं. लिहिताना पाठीला पाठ. हुं नाही की चूं नाही, कारण नुसत्या सुस्काऱ्यानंसुद्धा दुसऱ्याचा आकडा हलतो असं सर म्हणायचे. दोघांचं लिहून झालं की वह्यांची अदलाबदल. एक-दोन दशांशांचा फरक चालायचा. त्याहून जास्त आला तर पुन्हा बघायचं, पण खोडायचं नाही. दिसेल तेच लिहायचं, सर म्हणायचे, तारा काय आपला जावई नाही त्याचं मन राखायला. खालून अक्कांच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, भाग्यलक्ष्मी अक्कांच्या, फोडणीचा वास यायचा आणि ठसका लागला की आकडा चुकायचा. त्या दिवसांत आपण सुखी होतो हे श्यामलाला तेव्हाही कळत होतं, ही गोष्ट जरा विरळाच.

मग ती सत्त्याऐंशीची दिवाळी झाली आणि तिच्या मनात सरांच्या डोळ्यांविषयी पाल चुकचुकली. सर पेपर नाकाला लावून वाचायला लागले. एकदा दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला त्यांनी कॉलेजचा शिपाई समजून सूचना दिल्या. दोन-तीन ताऱ्यांचे आकडे तिच्याहून अर्ध्यानं मागंपुढं यायला लागले. सरांच्या वडिलांचे डोळे पन्नाशीत गेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलायचं नाही; आणि सर तेव्हा एक्कावन्नचे होते. नऊ जानेवारीला अक्का खाली संक्रांतीचा हलवा फुलवत बसल्या होत्या. श्यामलानं आधी बघितलं. शाण्या जागेवर नव्हता. होता, पण जेमतेम, विझत्या उदबत्तीच्या टोकाएवढा. शेजारचे तारे होते तसे. काचेवर दव म्हणून तिनं काच पुसली, दुसऱ्या ताऱ्यावर दुर्बीण फिरवून परत आणली. तो जेमतेमच. तिनं बाजूला होऊन लिहिलं, नऊ पूर्णांक एक, आणि वही छातीशी धरून उभी राहिली. सरांनी डोळा लावला. किती वेळ तरी लावून बसले. एकदा मागं सरून त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. मग लिहिलं. आणि वही पुढं केली. सात पूर्णांक चार. लाल उजेडात तो आकडा बघताना तिला काय वाटलं ते आज एवढ्या वर्षांनीही जसंच्या तसं आठवतं: दया. सरांना दिसत नाही. ते आठवणीनं लिहितात. आता मी माझी वही दिली की त्यांना कळणार की मला कळलं. सरांचं तोंड दुसरीकडं होतं, शिंदीच्या झाडाकडं. तिनं पेन्सिलीच्या बुडाचं रबर फिरवलं, वर सात पूर्णांक चार लिहिलं, कागदावरचा भुसा फुंकला आणि वही दिली. सरांनी ती टॉर्चखाली धरली, बराच वेळ धरली. “बरं,” एवढंच म्हणाले. तिला वाटलं त्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, आणि आता खोडावंही लागलं नाही. ती थेटच लिहायला लागली होती. चौथ्या दिवशी शाण्या परत आला. महिन्याभरात सरांनी दुर्बीण कॉलेजला देऊन टाकली. कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही. गच्चीवर त्यानंतर अक्कांचे सांडगे वाळायला लागले.

आणि श्यामला शिक्षिका झाली. हुबळीच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत उत्तर जुळवून आणणाऱ्या मुलांना ती वर्गात उभं करायची आणि म्हणायची, दिसेल तेच लिहायचं, तारा काय आपला जावई नाही. मुलं हसायची. तिला हसू यायचं नाही. एकदा एका मुलीनं लंबकाचे आकडे खोडून बरोबर केले होते, तिची वही तिनं फाडली होती, आणि घरी येऊन विनाकारण नागेशवर ओरडली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात एकच चांदणी होती, पण पुरे होती. आणखी एक गोष्ट ती स्वतःलाही कधी नीट विचारत नसे. सरांचे डोळे गेले नाहीत. ते निवृत्तीपर्यंत शिकवत होते. सत्तरीत मोतीबिंदू काढला, तो काय सगळ्यांचाच काढतात. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आता ते पेपरातल्या श्रद्धांजलीच्या जाहिराती बिनचूक वाचतात आणि कोण कुणाचा साडू ते सांगतात. मग तेव्हा त्यांना दिसत नव्हतं म्हणजे काय होतं? औषधानं सुधारलं असेल, असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि त्या ठरवण्याच्या मागं काय आहे ते बघायला गेली नव्हती. माणूस भिंत बांधतो ती अशी. कोट्यवधी वर्षं टिकायचा तिचा विचार नसतो, आजचा दिवस निघाला म्हणजे झालं.

नागेशला तिनं बुधवारी सकाळी सगळं सांगितलं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवढंच? तारा काय रुसून बसलाय काय तुझ्यावर?” मग तिचं तोंड बघून जरा थांबला. “हे बघ, त्या पोरीला सांग. पण मास्तरांना आता या वयात कशाला? त्यांना दिसत नव्हतं म्हणून पेपरात छापून आणायचं? कॉलेजवाले त्यांचा सत्कार करून शाल घालायला निघालेत.” हेच तर तिला रात्रंदिवस कुरतडत होतं. सही केली तर रेखाचा तारा जातो आणि खोटं कायमचं दगडात कोरलं जातं. सांगितलं तर सरांची अब्रू जाते, सातही वर्षांच्या वह्या संशयाच्या होतात, आणि ज्यांनी तिला खरं लिहायला शिकवलं ते आठवणीनं आकडे लिहीत होते हे जगजाहीर होतं. इकडं आड, तिकडं विहीर. “आधी त्यांनाच विचारते,” ती म्हणाली. नागेशनं तिची छत्री काढून दिली, ऊन होतं म्हणून.

धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. गारठवणारा एसी, दारं उघडमिटताना कन्नडमधून स्टॉपचं नाव सांगणारी ती बाई, रायापूर, सत्तूर. नऊशे वर्षं लागतात म्हणे शाण्याचा उजेड इथं पोचायला. म्हणजे तिनं गच्चीवरून जो अंधार बघितला तो पडला तेव्हा उणकलचं देऊळ बांधलं जात असेल, छिन्नीचे ठोके पडत असतील. कुठल्या तरी पाथरवटाची एखादी चौकट वाकडी गेली असेल आणि त्यानं ती मालकाला न सांगता वरून सारखी करून घेतली असेल. नऊशे वर्षं तो अंधार वाटेत होता, न थांबता, न वळता, आणि आला तो नेमका एका पोरीच्या डोळ्यात, जिला एका भल्या माणसाचं मन राखायचं होतं. तिला एकदम त्या तुटक्या जाळीचीच दया आली. कुणी बांधली, कशाला बांधली, बघायला कुणी नाही. आणि जिनं बघितली तिनं बघितली नाही म्हणून लिहून ठेवलं. हा विचार तिला फार वेळ सहन झाला नाही. ती बाहेरच्या पाट्या वाचत राहिली.

सप्तापूरच्या घराचं दार उघडंच होतं. “बा बा, कूतको,” म्हणत अक्कांनी तिला बसवलं आणि लगेच मराठीवर आल्या. “किती दिवसांनी वाट चुकलीस गं! चहा टाकते. आणि आधी तू सही करून सोड बाई. प्रभंजन दोन दिवस पत्र ठेवून गेलाय, हे पेन हातात घेतात आणि खाली ठेवतात. तिची आधी होऊ दे म्हणतात. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा एवढे आढेवेढे घेतले नव्हते.” सर वेताच्या खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर पत्र, त्यावर वारा लागू नये म्हणून अडकित्ता. चष्म्याच्या काचा जाड, आत डोळे मोठे आणि स्वच्छ. ते तिच्याकडं बघून हसले नाहीत. वाट बघणाऱ्या माणसाला हसायला होत नाही, हे तिला मागाहून कळलं.

तिनं बसमध्ये चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. “सर,” ती म्हणाली, “मी खोडलं होतं.”

“काय?”

“पहिल्या दिवशी. मी दुसराच आकडा लिहिला होता. तुमचा सात-चार बघितला आणि खोडलं.”

“कशाला?”

“तुम्हाला दिसत नाही असं वाटलं मला. मन मोडू नये म्हणून. पुढचे दोन दिवस तर खोडलंसुद्धा नाही. तसंच लिहिलं.”

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज होत होता तो थांबला. सरांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला. मग ते अगदी हळू, जणू कुणाला जाग येईल अशा बेतानं, म्हणाले, “तुला तो दिसला होता?”

“जेमतेम, सर.”

“तिन्ही दिवस?”

“तिन्ही दिवस.”

“मलाही,” सर म्हणाले. “जेमतेम.”

तिला आधी अर्थच लागला नाही. लागला तोवर सर बोलायला लागले होते, तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. “आमच्या अप्पांचे डोळे असेच गेले बघ. आधी लांबचे दिवे गेले, मग माणसं. पन्नाशी लागली तसा मी वाटच बघत होतो. त्या दिवशी शाण्या विझल्यासारखा दिसला आणि वाटलं, आलं. तारा जाईल हे डोक्यातच आलं नाही, तो कधी जायचाच नाही. भिऊन सात-चार लिहून सोडलं. म्हटलं श्यामलाची वही येईल आता. तिनं मंद लिहिलं असलं तर माझे डोळे शाबूत, ताराच गेलाय. कबूल करू, आरडाओरडा करू. आणि तू वही दिलीस. टॉर्चखाली मी तो आकडा किती वेळ बघितला म्हणून तुला सांगू. तीन दिवस बघितला.”

“हुबळीत तीन डॉक्टर केले,” अक्का दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे तसाच होता. “तिघंही म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय तेवढा, बाकी डोळे ठणठणीत. हे म्हणाले, यांना काय कळतंय.”

“कसं पटणार?” सर म्हणाले. “डोळ्यांवरचा विश्वास गेला तर डॉक्टर काय करणार? उद्या वर बघायचं आणि दिसलं ते आहे की नाही म्हणून पुन्हा कुणाला विचारायचं? नकोच म्हटलं. सदतीस वर्षं मी वर बघितलेलं नाही, श्यामला. ग्रहणालासुद्धा नाही.” आणि मग त्यांचा आवाज चढला, या वयातही चढला. “दया केलीस होय माझ्यावर? तुला कुणी सांगितलं होतं?”

“होय सर, केली,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी राग येत होता, सदतीस वर्षांचा राग, आणि तो कुणावर हे ठरवायला वेळ नव्हता. “चुकलं माझं. पण तुम्ही तरी खरं लिहायचं होतं की! दिसेल तेच लिहायचं म्हणून मला कुणी शिकवलं?”

रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. “मीच की,” सर शेवटी म्हणाले. अक्कांनी ट्रे खाली ठेवला आणि कपातल्या चहावर साय धरली तरी कुणी हात लावला नाही. श्यामलाला वाटलं, आता उठावं, पाया पडावं आणि जावं. पण ती बसून राहिली. दोन माणसं एका गच्चीवर पाठीला पाठ लावून उभी होती, दोघांनी एकच गोष्ट बघितली आणि दोघांनी एकमेकांकडं बघून ती नाही म्हणून टाकली. नुसतं एकदा वळून विचारलं असतं, सर, तुम्हाला कसा दिसतोय? पण विचारायचं नाही, हाच तर नियम होता.

सरांनी चष्मा लावला. पत्र उलटं करून त्याची कोरी बाजू वर केली, अडकित्त्याच्या धारेवर दाबून मधोमध सरळ फाडलं आणि अर्धं तिच्याकडं सरकवलं. अक्का “अहो, ते सहीचं—” म्हणाल्या तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. “पहिल्या दिवसाचा,” ते म्हणाले. “आठवतो तेवढा. मला दाखवू नको.” त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग वळवून पाठ केली. तिनंही केली. पेन एकच होतं. आधी तिनं लिहिलं, मग खांद्यावरून मागं दिलं. सरांच्या पेनाची कुरकुर तिला ऐकू आली, एक आकडा, टिंब, एक आकडा. तिनं सुस्कारासुद्धा टाकला नाही. मग अदलाबदल झाली. तिच्या चिठ्ठीवर नऊ पूर्णांक एक होतं. सरांच्या थरथरत्या अक्षरात, नऊ पूर्णांक तीन.

“दोन दशांश,” सर म्हणाले. “चालतो तेवढा फरक.” आणि जरा थांबून, “माझे डोळे तेव्हाही तुझ्याहून थोडे कमीच होते बघ.” यावर तिला हसू आलं आणि मग जे आलं ते पदरानं दाबावं लागलं. सर ती चिठ्ठी हातात धरून होते. “आता त्या अळणावरच्या पोरीला फोन लाव. दोघं लबाड म्हणून सांग, माझं नाव आधी घे. शालीचं प्रभंजनला मी सांगतो. बासष्टसाली बघायला तयार राहा म्हणावं, आणि एकटीनं बघू नको म्हणावं.” तिनं फोन हातात घेतला. ती रेखाचं नाव शोधायला लागली.

“श्यामला,” सर म्हणाले, “या दिवसांत सात वाजता तो कुठं असतो गं?”

“जवळजवळ डोक्यावर, सर.”

अजून चारच वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि वर छताचा पंखा फिरत होता. सरांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि मान वर केली.